राहणार कुठले

१२ नोव्हेंबर २००२, मंगळवार

मी जिवंत असल्याचा दाखला आज कुवेतमधल्या भारतीय वकिलातीतून घेऊन आलो. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हे सिद्ध करावं लागतं. नाशिकला बँकेतला कारकून मला दारातच बघून म्हणायचा, "यंदाही आहात म्हणजे," आणि सही घ्यायचा. इथे पासपोर्ट दाखवला, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, दाखवला, फोटो दिला. शेवटी एका तरुणाने माझ्याकडे वर न बघता शिक्का मारला. मी जिवंत आहे हे त्याने कशावरून ठरवलं कोण जाणे. रमजान असल्यामुळे रस्त्यात पाणीही पिता येईना. घरी येईपर्यंत घशाला कोरड पडली होती.

संध्याकाळी नाशिकहून पुतण्याचा, राहुलचा, फोन. माझं पासबुक तोच भरून आणतो. म्हणाला, काका, या महिन्यात पेन्शन कमी जमा झालीय, पुढे 'आयकर' असं छापलंय.

पाटबंधारे खात्यात उभी नोकरी मी आरेखक म्हणून केली. धरणांचे नकाशे काढले. पगारातून थोडाफार कर जायचा, तो रीतसर जायचा. पण निवृत्त होऊन सात वर्षं झाल्यावर कर? बँकेची चूक असणार. राहुलला चौकशी करायला सांगितलं.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जेवताना विषय काढला. आलोक हसला. म्हणाला, "बाबा, वर्षाचा मिळून जेवढा कापतील तेवढ्यात आपलं एका शुक्रवारचं बाहेरचं जेवण होतं. मी भरतो, सोडून द्या."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो रिफायनरीत इंजिनिअर आहे, त्याचे आकडे वेगळे. पण मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्या पेन्शनवरचा कर मुलाने भरायचा, तर ती पेन्शन माझी कशी?

समिधा तिसरीत आहे. तिने विचारलं, "आजोबा, व्हॉट इज टॅक्स?" मी समजावू लागलो की माणूस कमावतो त्यातला वाटा सरकार घेतं. ती म्हणाली, "बट बाबा कमावतो, त्याच्याकडून कोणी घेत नाही." सूनबाई शर्वरी हसून म्हणाली, इथे टॅक्स नसतोच, पिल्लू. हेही खरं. म्हणजे जो भरपूर कमावतो त्याला काही नाही, आणि जो दिवसभर गॅलरीत बसून रस्ता बघतो त्याचा कापतात. मी दोनदा हे वाक्य मनात फिरवून पाहिलं, काही जुळेना.

माझी बायको सरोजिनी हे सगळं ऐकत होती. ती पोळ्या लाटत होती.

६ डिसेंबर, शुक्रवार

ईद. वरच्या मजल्यावरून रबियाने शीरखुर्मा पाठवला. ती आणि तिचा नवरा अशरफ हैदराबादचे. तो आमच्या फरवानिया भागातल्याच एका एक्स्चेंजमध्ये काउंटरवर बसतो, गावी पैसे पाठवणाऱ्यांची रांग सांभाळतो. रबियाला सहावा महिना आहे. माहेरचं कोणी येऊ शकत नाही, म्हणून ती सरोजिनीला धरून असते.

सरोजिनीचं एक नवीनच सुरू झालंय. दुसऱ्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सचं बाळ फार रडायचं. हिने एकदा तेल लावून, पाटावर बसून, पायांवर घेऊन न्हाऊ घातलं. बाळ झोपलं ते दुपारपर्यंत. तेव्हापासून ती रोज सकाळी जाते. समोरच्या इमारतीतूनही बोलावणं आलंय. त्या बायका तिला दिनार देतात आणि ती घेते. मी म्हटलं, आपल्याकडे हे काम बाई लावून करून घेतात. ती म्हणाली, इथे ती बाई मीच. हे ती हसून म्हणाली की रागाने, ते मला कळलं नाही.

तिच्या कमाईवर अर्थातच कर नाही.

राहुलचा फोन आला. बँकेची चूक नाही. करमाफीची मर्यादा पन्नास हजार, ती अठ्ठ्याण्णव सालापासून तिथेच आहे. पेन्शनवर महागाईभत्ता मात्र दर सहा महिन्यांनी वाढतो. म्हणजे पातळी मोजायची पट्टी हलवायची नाही आणि पाणी वाढू द्यायचं, तसं झालंय. इतकी वर्षं मी पट्टीच्या खाली होतो, यंदा वर आलो. प्रत्येक भत्त्याला मी पेढे आणत होतो. महागाई वाढली म्हणून भत्ता, भत्ता वाढला म्हणून कर. मी श्रीमंत केव्हा झालो हे मला कोणी सांगितलं नाही.

२० जानेवारी २००३, सोमवार

सगळीकडे इराकवरच्या लढाईचं बोलणं. आलोकच्या कंपनीत विषारी गॅसपासून वाचवणारे मुखवटे कसे घालायचे ते शिकवलं. मी अशरफला विचारलं, तुम्ही जाणार का. तो म्हणाला, "अंकल, इस हालत में रबिया को लेके किधर जाऊँ."

मला गॅलरीतून रोज एकच दृश्य दिसतं. बकाला म्हणजे किराणा दुकान, त्याच्यापुढे बसथांबा, जलीब वस्तीकडे जाणारी माणसं, धूळ. नाशिकला या वेळी मी कॉलेज रोडवरून फिरून आलेला असायचो आणि वाटेत चार जणांनी थांबवलेलं असायचं.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

सुट्टी होती म्हणून आलोकने टीव्हीवर भारताचं अंदाजपत्रक लावून दिलं आणि स्वतः झोपला. मी शेवटपर्यंत ऐकलं. मर्यादा हलली नाही, पन्नास हजारच. पण पासष्ट वर्षांवरच्यांना करात मोठी सूट वाढवली. माझ्याएवढ्या पेन्शनवर काहीच कर उरणार नाही. मी नुकतीच पासष्ट पुरी केलीत. उठून स्वयंपाकघरात गेलो, सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, "बरं झालं, आता तरी झोप लागेल तुम्हाला."

४ मार्च, मंगळवार

राहुलने करसल्लागाराला विचारलं. ज्येष्ठांची सूट आहे, पण फक्त भारतात राहणाऱ्यांना. मी इथे येऊन दोन वर्षं होत आली. माझा हयातीचा दाखला वकिलातीतून येतो, म्हणून बँकेने मला परदेशस्थ धरलंय.

म्हणजे मी जिवंत आहे, हे जिथून सिद्ध केलं तिथूनच हेही सिद्ध झालं की मी भारतातला नाही. पासपोर्टवर पत्ता नाशिकचा. इकाम्यावर मी आलोकच्या आधाराने राहणारा. घरपट्टी नाशिकला भरतो. सल्लागाराचं म्हणणं, परत या, बहुतेक वर्ष भारतात काढा, कर शून्य.

मला एकदम मोकळं वाटलं. का ते सांगता येत नाही. इतक्याशा रकमेसाठी वाटू नये इतकं.

८ मार्च, शनिवार

शर्वरी शिकवते ती शाळा बंद होतेय. आलोकने चौघांची मुंबईची तिकिटं काढलीत, गुरुवारची: शर्वरी, समिधा, सरोजिनी, मी. त्याला रिफायनरी सोडता येणार नाही.

मी सरोजिनीला म्हणालो, बघ, योग जुळून आला. या सुमारास गेलो तर पुढचं सबंध वर्ष तिथलं धरतील. सूट मिळेल. मग परत यायची घाईच करायला नको.

ती डाळ निवडत होती. म्हणाली, "रबियाचे दिवस भरलेत. मी येत नाही."

मी म्हटलं, लढाई होतेय. ती म्हणाली, हो, आणि मूलही होतंय. मग मी पुन्हा कराचं समजावलं. नीट, टप्प्याटप्प्याने. तिने ऐकून घेतलं.

"तुम्ही जा," ती म्हणाली. "तिकडे राहिलात म्हणजे कर वाचेल."

हे तिने मनापासून म्हटलं की टोमणा मारला? संध्याकाळभर विचार केला. संसारात एवढी वर्षं काढली, पण हिच्या साध्या वाक्याचा अर्थ लागत नाही असं पूर्वी होत नव्हतं. की पूर्वी मी अर्थ लावायला थांबत नव्हतो?

१३ मार्च, गुरुवार

शर्वरी आणि समिधा गेल्या. विमानतळावर माणसांचा समुद्र होता. माझी बॅग भरलेली होती. आलोकने ती गाडीतून काढलीसुद्धा. मग मी त्याला म्हटलं, राहू दे, गॅस आत येऊ नये म्हणून खिडक्यांना प्लास्टिक लावायचं राहिलंय, तुला ड्यूटीवरून आल्यावर जमायचं नाही. तो माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "बाबा, प्लास्टिक लावायला थांबताय?"

मी हो म्हणालो. खरंच तेवढंच कारण होतं. चिकटपट्टी सरळ लावायला सवयीचा हात लागतो.

घरी आलो तेव्हा सरोजिनी पानं मांडत होती. भात जास्त लावलेला होता.

२० मार्च, गुरुवार

लढाई सुरू झाली. दुपारी भोंगे वाजले, पुन्हा संध्याकाळच्या आत कितीदा तरी. आम्ही दोघं आतल्या खोलीत बसलो. दाराखाली ओला टॉवेल, खिडकीला माझं प्लास्टिक. मुखवटा एकच, आलोकचा, तोही त्याच्याबरोबर. सरोजिनीने विचारलं, भीती वाटते का. मी म्हटलं नाही. मी मात्र तिला विचारलं नाही. आता लिहिताना वाटतंय, विचारायला हवं होतं.

रबियाला सोमवारी मुलगी झाली. नाव नूरी ठेवलंय. दवाखान्यातून दोन दिवसांत घरी पाठवलं.

२६ मार्च, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवतो.

आलोक ड्यूटीवर होता. सरोजिनी चौथ्या मजल्यावर रबियाकडे. सकाळी भोंगा झाला. जिन्यात धावपळ सुरू झाली. आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा राखणदार कमाल, इजिप्तचा माणूस, सगळ्यांना खाली सरदाबात, म्हणजे तळघरात, पिटाळत होता. मी नियमाप्रमाणे आतल्या खोलीत जाऊन बसलो. समोर रिकामी खुर्ची. बसवेना. बाहेर आलो. सगळे खाली जात होते आणि मी वर चाललो होतो. कमालने माझा दंड धरला, "तहत, बाबा, तहत." खाली, म्हणत होता. मी वर बोट दाखवलं. त्याने सोडलं.

रबियाचं दार उघडंच होतं. अशरफ कामावर होता. रबिया पलंगाच्या कडेला बसून रडत होती. न्हाणीत सरोजिनी पाटावर पाय लांब करून बसलेली, साडी गुडघ्यापर्यंत ओढलेली, पायांवर ते एवढंसं बाळ पालथं. त्याच्या अंगाला तेल आणि डाळीचं पीठ चोळून झालेलं.

मी म्हणालो, "भोंगा वाजतोय. खाली चल."

"ऐकू येतंय मला," ती म्हणाली. "हिला अशी बरबटलेली कुठे नेऊ? तो तांब्या घ्या. पाणी ओता. हळू. कानात जाऊ देऊ नका."

मी बसलो आणि पाणी ओतू लागलो. बादलीतलं पाणी कोमट होतं. माझी धार वाकडी पडत होती. सरोजिनी तळहाताची आड करून ती बाळाच्या पाठीवर वळवत होती. एका हाताने मान धरलेली, एका हाताने पाणी. मी तिला असं काम करताना कधी बघितलंच नव्हतं. आलोकच्या वेळी मी धरणावर असायचो. तिचा चेहरा ओळखीचा वाटेना. कचेरीत मोठा नकाशा हाती असताना आमचे साहेब दिसायचे तसा दिसत होता.

भोंगा थांबला केव्हा ते कळलं नाही. बाळाला टॉवेलात गुंडाळून तिने ते माझ्या हातात दिलं आणि रबियाकडे गेली, तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. रबिया सरोजिनीला खाला, म्हणजे मावशी म्हणते. ती म्हणाली, "खाला, आप चले जाते तो मैं क्या करती." सरोजिनी हिंदी तोडकंमोडकं बोलते. म्हणाली, "मैं किधर जाती?"

ते वाक्य माझ्यासाठी होतं का? तिने माझ्याकडे बघितलं नाही.

२९ मार्च, शनिवार

शहरात दस्मान राजवाड्याच्या बाजूला, समुद्राकाठच्या बाजारापाशी क्षेपणास्त्र पडलं. माणूस दगावला नाही असं अशरफ सकाळी सांगत आला. तरी सरोजिनी वेळेवर वर गेली. मीही गेलो. पाणी ओतायला.

३१ मार्च, सोमवार

आर्थिक वर्ष संपलं. अजून गेलो तर जमेल असं राहुल फोनवर म्हणाला. मी म्हटलं, विमानांची खात्री नाही. विमानं चालू आहेत. मी खोटं का बोललो?

१९ मे, सोमवार

शर्वरी आणि समिधा परत आल्या. प्लास्टिक काढलं. काचांवर चिकटपट्टीचे डाग राहिलेत, निघत नाहीत. समिधाने विचारलं, वेअर यू स्केअर्ड? मी म्हटलं, तुझी आजी नव्हती घाबरली. ती म्हणाली, आय आस्क्ड अबाउट यू.

८ जुलै २००४, गुरुवार

नवं सरकार, नवं अंदाजपत्रक. लाखापर्यंत उत्पन्न असेल तर कर नाही, असं आज ऐकलं आणि टाळी वाजवली. पण मर्यादा तीच पन्नास हजार ठेवलीय. सूट वेगळ्या वाटेने दिलीय, आणि राहुल म्हणतो, तीही तिथे राहणाऱ्यांनाच. गेल्या वर्षीचा कर मी भरला, माझ्या पेन्शनीतूनच. या वर्षीचाही भरेन.

हे मी सरोजिनीला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर पुन्हा 'चल' म्हणावं लागलं असतं, आणि तिने नाही म्हटलं असतं. किंवा हो म्हटलं असतं. दोन्हींची मला धास्ती वाटते. असं का, हे कळत नाही.

हल्ली ती चार घरी जाते. इमारतीतली माणसं मला 'खाला के साहब' म्हणतात. आधी 'आलोकचे बाबा' होतो. माझं नाव इथे कोणाला माहीत आहे का याची मला शंका आहे. नूरी चालू लागलीय. मला बघितलं की पाणी मागते, प्यायला नव्हे, सांडायला.

२८ फेब्रुवारी २००५, सोमवार

मर्यादा हलली. सात वर्षांनी पट्टी उचलली. करमाफी एक लाखापर्यंत, आणि ही मूळ मर्यादाच असल्यामुळे सगळ्यांना, कुठेही राहा. वजावट काढून घेतलीय, तरी माझी पेन्शन सबंध खाली बसते. मी राहुलकडून फोनवर पुन्हा पुन्हा खात्री करून घेतली. वेगळ्या सुटीची गरजच उरली नाही.

सरोजिनी गॅलरीत तेलाच्या बाटल्या पुसत होती. मी तिला सांगितलं की आता इथे राहिलं तरी कर नाही, तिथे राहिलं तरी नाही.

तिने बाटली खाली ठेवली. "म्हणजे आता कराचा काही संबंध नाही?"

"नाही."

"मग आता सांगा. तुम्हाला नाशिकला जायचंय का?"

इतका साधा प्रश्न. दोन वर्षं माझ्याकडे उत्तर तयार होतं आणि आज सरकारने ते काढून घेतलं. खाली बस आली, माणसं उतरली, बस गेली. ती वाट बघत होती.

"जायचंय," मी म्हणालो.

"का?"

"तिथे रस्त्यात मला कोणीतरी थांबवतं. नावाने हाक मारतं. इथे मी काय करतो सांग? तू कामाला जातेस, आलोक जातो, शर्वरी जाते, समिधासुद्धा शाळेत जाते. मी फक्त नोव्हेंबरात वकिलातीत जातो."

तिने हातातलं फडकं झटकून कठड्यावर टाकलं. मग म्हणाली, "हे लढाईच्या वेळी म्हणाला असतात तर मी आले असते. रबियाला मोकळी करून दुसऱ्या दिवशी निघाले असते. तुम्ही सारखं कर, कर, कर. मला वाटलं, या माणसाला माझ्यापेक्षा ते हजार रुपये जड झालेत. करासाठी कशी येणार मी?"

मला रागही आला आणि रडूही. मी तिला इतकं नीट समजावलं होतं. तिलाच समजलं नाही असं मी धरून चाललो होतो.

१ मार्च, मंगळवार

सकाळी तिच्याबरोबर पाणी ओतायला गेलो. येताना जिन्यात मी थांबलो आणि विचारलं, तुला काय हवंय.

"मला?"

"हो. जायचं की राहायचं. तुझं सांग."

ती कठड्याला धरून उभी राहिली. वरून कोणीतरी उतरत होतं, त्याला वाट दिली. म्हणाली, "थांबा. मला विचार करू दे. असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही." खरं तर कुवेतला यायचं ठरलं तेव्हाही आलोकने मला विचारलं होतं आणि मी दोघांच्या वतीने हो म्हणालो होतो. हे आत्ता, लिहिताना आठवलं.

दिवसभर ती आपल्याच कामात होती. मला वाटलं चिडली. पण जेवताना तिने मला माझ्या आवडीचं लोणचं न मागता वाढलं. काहीच अंदाज येत नाही.

६ मार्च, रविवार

तिने आज सांगितलं. भाजी चिरता चिरता, जणू काही विशेष नाही. थंडीत इथे यायचं. नातीसाठी आणि न्हाऊ घालायच्या घरांसाठी. एरवी नाशिक. "आणि तिथेही मी हे काम करणार," ती म्हणाली. "मुलं काय फक्त कुवेतलाच होतात?"

मी म्हटलं, लोक काय म्हणतील. ती म्हणाली, तुम्हाला रस्त्यात थांबवून म्हणतील, तेवढंच तुम्हाला बोलायला होईल. मग ती हसली. या वेळी ते हसणंच होतं, मला खात्री आहे.

आलोकला सांगितलं. तो म्हणाला, पण आई, दर वर्षी ये-जा, तुमचा इकामा, तिकिटं. ती म्हणाली, तू भर. तुला कर नाही ना.

संध्याकाळी राहुलचा फोन. विवरणपत्र भरायला घेणार आहे, म्हणाला, काका, रहिवासी लिहू की अनिवासी? मी सरोजिनीकडे पाहिलं. ती बॅग वर कुठे ठेवलीय ते आलोकला दाखवत होती.

मी राहुलला म्हटलं, जरा थांब. तो म्हणाला, किती थांबू? मी म्हटलं, ते मलाही माहीत नाही, पण आता त्याची घाई नाही.